घंटी काहून नाही वाजली?

प्रूफं तपासणाऱ्या बाईची चैन असते असं लोकांना वाटतं. पंख्याखाली बसायचं, दिवसभर पुस्तकं वाचायची आणि वर त्याचाच पगार घ्यायचा! नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत तर 'त्या पुस्तकं वाचणाऱ्या बाई' हीच माझी ओळख होती. मी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत, तेव्हा खरं सांगून टाकते. सीताबर्डीतल्या आमच्या छापखान्यात मी एकतीस वर्षं प्रूफं तपासली आणि त्या काळात शेवटचं एक सोडलं तर एकही पुस्तक वाचलं नाही.

यात विनोद नाही. आमच्या धंद्यात वाचणं हा दोष समजतात. माणूस वाचायला लागला की त्याला अक्षरं दिसेनाशी होतात. 'पाहुणे' हा शब्द तुम्ही 'पहुणे' असा छापला, तरी गोष्टीत रमलेला वाचक तो 'पाहुणे' असाच वाचून पुढे जातो. मला ज्यांनी हे काम शिकवलं, त्या गुरुजींचा पहिला धडाच होता, "बाई, वाचायचं नाही. बघायचं." ओळीखाली पोस्टकार्ड धरायचं, म्हणजे पुढची ओळ डोळ्याला भुरळ घालत नाही. फारच रंगतदार मजकूर असेल तर पान खालून वर तपासायचं. शेवटची ओळ आधी, पहिली ओळ शेवटी. मी कितीतरी खुनांच्या कादंबऱ्या अशा उलट्या तपासल्या आहेत. खून कोणी केला ते मला आजही माहीत नाही.

एका पुस्तकाची तीन प्रूफं निघत. पहिलं मूळ मजकुराशी ताडून बघायचं, दुसऱ्यात आपल्या दुरुस्त्या झाल्या की नाही ते बघायचं, आणि तिसरं लेखकाच्या सहीसाठी. सही झाली की छपाई. एवढं करूनही चूक राहिली तर पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवावी लागते. तिला शुद्धिपत्र म्हणतात. अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्दाऐवजी तमुक वाचावे. प्रूफवाल्याची अब्रू त्या चिठ्ठीनं चव्हाट्यावर येते. माझ्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकात शुद्धिपत्र नव्हतं, आणि हे मी चारचौघांत संधी मिळेल तेव्हा सांगत असे.

संधी मी शोधतही असे, ते कबूल करते. एकदा एका जाड ग्रंथाच्या तिसऱ्या प्रूफात, दोन विद्वानांच्या नजरेखालून गेल्यावर, 'कुलगुरूंच्या हस्ते प्रकाशन' याच्या जागी 'कुलगुरांच्या हस्ते प्रकाशन' असं उरलं होतं. ती गुरं मी वेळेवर हाकलली. लेखक पेढे घेऊन आले होते. एक कवी होते, त्यांना प्रत्येक ओळीला तीन उद्गारचिन्हं लागत. मी दोन काढायची, ते परत घालायचे. शेवटी आम्ही दोनवर तडजोड केली आणि आयुष्यभर एकमेकांवर नाराज राहिलो.

पण मला लिहायचं आहे ते शेवटच्या पुस्तकाबद्दल. निवृत्तीला महिना उरला होता. पारशिवनीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या उज्ज्वलाबाईंची ती पहिलीच कादंबरी. तालुक्याच्या ठिकाणी टाइप करून घेतलेला मजकूर त्या पेनड्राइव्हवर घेऊन आल्या. पिशवीत पेनड्राइव्ह, डबा आणि पाण्याची बाटली. "जयभीम मॅडम," म्हणाल्या, "शुद्धलेखनाचं तुम्हीच पाहा जी. माह्यात चुका खूप असन." आणि टेबलावर पेनड्राइव्ह अशी हलकेच ठेवली की जणू ती फुटेल.

कादंबरी पुढच्या काळातली, एका भयाण राज्यातली होती. ती कशी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी ती बघितली होती, वाचली नव्हती. पण तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या राज्यात सगळे प्रश्न चालतात. किती वाजले, कुठे जायचं, कोण आलं, सगळं विचारता येतं. बंदी आहे ती फक्त 'का' विचारायला. प्रत्येक घरात, प्रत्येक चौकीवर एक खोका टांगलेला आहे. कोणी 'का' म्हटलं, 'कशासाठी' म्हटलं, की त्यातली घंटी वाजते आणि त्या घरचं पाणी आठ दिवस बंद होतं. कोणत्या शब्दांवर वाजायचं, ते सरकारी पंडितांनी शब्दकोश उघडून ठरवलेलं. पाणी सगळं कालव्याचं, आणि कालव्याच्या सातव्या फाटकावर दामा नावाचा माणूस आहे. भोंगा झाला की चाक फिरवायचं, फाटक बंद. दुसरा भोंगा झाला की उघडायचं. वीस वर्षं तो हेच करतो आहे आणि त्याला त्यात काही कमी वाटत नाही.

एक दिवस हद्दीपलीकडून बकऱ्या चारणारी सगुणा नावाची बाई फाटकापाशी येते. त्याच्या पायांकडे बघते आणि सहज म्हणते, "काहून गा, तुही चप्पल एकाच अंगानं झिजते?"

दामा दचकून खोक्याकडे बघतो. खोका गप्प. पंडितांच्या शब्दकोशात 'काहून', म्हणजे आमच्या बोलीतला 'का', नव्हताच.

दामाला शब्द कळत नाही, पण त्याचा हेल कळतो. आपल्याला काहीतरी विचारलं गेलं आहे, आणि उत्तर आपल्याजवळ नाही, हे कळतं. सगुणा निघून जाते. तो चप्पल हातात घेऊन बसतो. उजव्या पायाची बाहेरची कड झिजलेली. मग ध्यानात येतं की फाटक बंद करताना त्या कडेवर जोर देऊन रेटावं लागतं, उघडताना लागत नाही. म्हणजे चप्पल झिजली ती पाणी अडवून अडवून. मग अडलेलं पाणी जातं कुठे? सगुणा त्याला एकही गोष्ट शिकवत नाही. बंडाचं भाषण नाही, गुपित नाही. दोन-चार दिवसांनी येते, एक 'काहून' टाकून जाते, आणि तो माणूस जागा होत जातो. तीस वर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईनंच हे लिहावं! मला आजही ते पान आठवलं की त्यांना नमस्कार करावासा वाटतो.

आता मी काय केलं ते सांगते.

पहिल्या प्रूफात पान नऊवर खोक्याचा नियम होता. पान चौदावर, नवव्या ओळीत, सगुणाचा 'काहून' होता. दोन्ही एका तासात माझ्या पोस्टकार्डावरून गेले. बाकीची बोली मी राहू दिली, संवादात ती चालते. पण हा शब्द मला आयुष्यात कधी सहन झाला नाही. मी चौथीत असताना वर्गात "काहून गुरुजी?" म्हणाले होते आणि त्यांनी बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी मारली होती. "काहून काय, काहून! का म्हण!" त्या दिवसापासून तो शब्द मी तोंडातून काढला नाही. आई घरात दिवसभर काहून-काहून करायची, तर पाहुणे आले की मी तिला डोळ्यांनी दटावायची. तो मार मी खाल्ला होता आणि पुढे पट्टी मीच हातात घेतली.

मी 'काहून' खोडलं, 'का' लिहिलं, आणि समासात आमचा धंद्यातला एक शब्द लिहिला, 'सर्वत्र'. म्हणजे पुढे जिथे जिथे हे येईल तिथे तिथे हीच दुरुस्ती करा. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात 'सर्वत्र' लिहिलं तरी माणूस एकेक जागा शोधून बदलायचा, त्यात त्याला कुठे तरी शंका यायची. कॉम्प्युटरवर एक कळ दाबली की झालं. आमचे ऑपरेटर शेषराव यांनी ती दाबली. दुसरं प्रूफ मी ताडून घेतलं आणि पहिलं नेहमीप्रमाणे रद्दीत टाकलं. उज्ज्वलाबाई येऊन तिसऱ्या प्रूफावर सही करून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

शेषरावांबद्दल थोडं सांगते. पन्नाशीचा, अबोल माणूस. वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर, पण 'मॅडम, चहा' याशिवाय आमचं बोलणं नाही. तेही माझ्यासारखेच, अक्षरं बघणारे. सहीनंतर चौथ्या दिवशी दुपारी ते डबा न उघडता, हातात काही पानं घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"पान चौदावर घंटी काहून नाही वाजली?"

मला काही कळेना. कसली घंटी?

"अवो, ते खोक्याची. बाईनं मागं लिहून ठेवलं का 'का' म्हनलं की घंटी वाजते. मंग हे बकऱ्यावाली धडाधड 'का, का' म्हनून राहिली आन् घंटी गुपचूप. मी पानं लावता लावता वाचून गेलो जी. तीन दिवसांपासून माह्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं."

"शेषराव, लेखिकेची काही योजना असेल. आपण अक्षरं बघायची."

"ते त मी वीस वर्सं पाहूनच राहिलो," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. "पन काहून नाही वाजली?"

त्यांनी तो शब्द दुसऱ्यांदा उच्चारला आणि तो मीच खोडला होता हे मला आठवलं. मी त्यांच्या हातातलं पान घेतलं. "का गा, तुही चप्पल एकाच अंगानं झिजते?" ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं. मग पान नऊ वाचलं. मग पुन्हा चौदा. कादंबरी ज्या एका शब्दावर उभी होती, तोच मी काढून घेतला होता. त्या राज्याच्या पंडितांना न सापडलेला शब्द मला सापडला होता आणि मी तो समूळ नाहीसा केला होता. त्यांच्या खोक्याहून मी जास्त चोख निघाले.

मी उज्ज्वलाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तुम्ही सही करताना पाहिलं नव्हतं?" मी विचारलं.

"पाहिलं होतं जी."

"मग बोलला का नाहीत?"

"मले वाटलं, पुस्तकात असंच लागत असन. तुम्ही शिकलेल्या. आमचा शब्द काढला म्हनजे तो छापण्यासारखा नसन." मग हळूच म्हणाल्या, "रात्री लई रडली मी. मंग म्हनलं, जाऊ दे. पुस्तक त निघून राहिलं."

एकतीस वर्षांत मला इतकं कधी लागलं नव्हतं. मीच तर ती चौथीतली मुलगी होते, आणि पट्टी बसल्यावर तीही काही बोलली नव्हती.

मालकांकडे गेले. माणूस भला, पण प्रकाशन चार दिवसांवर आलेलं. पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, सकाळीच छापून झाला होता. पान चौदा त्यात. "उरलेलं दुरुस्त करा, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ देतो," ते म्हणाले, "पण छापलेला फर्मा आता राहू द्या. शुद्धिपत्र लावू." मग माझ्याकडे बघून खाली बघितलं. माझी फुशारकी त्यांनाही पाठ होती.

दुरुस्त करणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. सगळे 'का' एका कळीनं परत 'काहून' करता येत नव्हते, कारण कादंबरीत खरे 'का' सुद्धा होते. चुकून कोणाच्या तोंडून निसटलेले, घंटी वाजवणारे. पेनड्राइव्हवरच्या मूळ मजकुरावरच शेषरावांनी सगळं सेव्ह केलेलं, पहिलं प्रूफ रद्दीवाल्यानं नेलेलं. उरली होती उज्ज्वलाबाईंची हस्तलिखित वही. त्या दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं वही घेऊन आल्या. मला वाटलं, त्या वहीतून सांगतील, मी खुणा करीन. त्यांनी वही मांडीवर ठेवली आणि उघडलीच नाही.

"मॅडम, तुम्हीच वाचून ठरवा ना. कोन बोलते, कोनाशी बोलते, ते पाहिलं का समजते. मी नंतर वहीशी ताडून पाहीन."

शाळेतल्या बाईच त्या. मला परीक्षेला बसवलं. मी पोस्टकार्ड उचललं, आणि पहिल्यांदाच ते बाजूला ठेवून दिलं. सकाळी दहापासून मी वाचायला लागले. वरून खाली, सरळ. हा 'का' सगुणाचा, काहून करा. हा दामाच्या पोराचा, निसटलेला, याच्यावर घंटी वाजते, राहू द्या. हा दामाचा, पण तो आता तिच्या शब्दात बोलायला लागला आहे, काहून करा. उज्ज्वलाबाई नुसत्या "हो जी, बरोबर" म्हणत होत्या. शेषराव पान पान बदलत होते आणि आपलं काम नसताना "पुढं?" म्हणत होते. दुपारी मालक येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, ते उठलेच नाहीत.

शेवटून तिसरं पान. भोंगा होतो. कालव्यावर सगळे अधिकारी जमलेले असतात, दामानं फाटक बंद करायचं असतं. तो चाकाला हात लावत नाही. खोक्यासमोर जाऊन उभा राहतो आणि एकच शब्द म्हणतो. आमच्या प्रूफात तिथे 'का' होतं. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काहून करा."

"नाही मॅडम," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. दिवसभरातली त्यांची पहिली 'नाही'. "इथं 'का'च आहे."

"अहो, पण घंटी वाजेल! त्याचं पाणी बंद होईल. त्याला तर आता सुटायची वाट माहीत आहे."

"म्हनूनच जी. लपून विचारनं सगुणानं शिकवलं त्याले. आता तो जाणून म्हनते. वाजू द्या घंटी."

मी प्रूफावरून मान वर केली नाही. अक्षरं दिसत नव्हती, हे एकतीस वर्षांत पहिल्यांदा झालं. शेषराव कीबोर्डवरचे हात काढून बसले होते. मग उज्ज्वलाबाईंनी वही उघडून ताडून बघितलं. एवढी एक जागा सोडून माझं सगळं बरोबर आलं होतं.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी शुद्धिपत्र मी स्वतः चिकटवलं, प्रत्येक प्रतीत, खळ लावून. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. 'पान १४, ओळ ९ : "का" याऐवजी "काहून" वाचावे.' बस, एक ओळ. पुढे उज्ज्वलाबाईंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, ते चिठ्ठी लई कामाची झाली. लोक पुस्तक घेतलं का पहिले पान चौदाच उघडून पाहतात, एका शब्दाची चिठ्ठी काहून लावली म्हनून." त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील. पण मला बरं वाटलं.

बरं वाटलं म्हणजे सगळं फिटलं असं नाही. आमच्याकडे खेड्यापाड्यांतून किती लेखक येत. किती जणांचे शब्द मी 'सर्वत्र' लिहून घालवले असतील, आणि त्यांनीही सही करताना पाहून काही म्हटलं नसेल. त्या पुस्तकांमध्ये शुद्धिपत्र नाही. तेच मी वर्षानुवर्षं मिरवत होते.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, दुपारी आईजवळ बसले होते. ती आता ब्याऐंशीची आहे. तिला वाचता येत नाही. माझ्या नोकरीचा तिला अभिमान होता, पण पुस्तकात काय असतं हे तिनं मला कधी एकदाही विचारलं नाही. एकदा मीच काहीतरी वाचून दाखवायला गेले तर म्हणाली होती, "राहू दे वं. पुस्तकातले सारे लोक कलेक्टरावानी बोलतात."

मी उज्ज्वलाबाईंची कादंबरी उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. आई गवारीच्या शेंगा मोडत होती, लक्ष नव्हतं. पान चौदा आलं. नवव्या ओळीत छापलेलं होतं, 'का'. पण मी स्वतःच चिकटवलेली चिठ्ठी पाळायला नको? छापखान्यात तो शब्द मी दुरुस्ती म्हणून उच्चारला होता, पण विचारण्यासाठी चौथीनंतर पहिल्यांदाच तो माझ्या तोंडून बाहेर आला.

"काहून गा, तुही चप्पल एकाच अंगानं झिजते?"

आईचे हात थांबले. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग शेंगांचं ताट बाजूला सारून जवळ सरकली.

"काहून झिजे वं त्याची चप्पल?" ती म्हणाली. "वाच पुढं."